कागलचा माळ आणि सयाजीराव नांवाचा घोडा

कोल्हापुराहून बंगळूरच्या हमरस्त्यानें दक्षिणेस निघालें, म्हणजे उजळाईवाडीचा विमानतळ आणि गोकुळ शिरगांवचे जुने कारखाने मागें पडतात, आणि कागल गांव येण्याच्या आधीं लक्ष्मी टेकडी लागते. तेथून डाव्या हातास वळणारा रुंद रस्ता ज्या वसाहतींत जातो, तिचें सरकारी दप्तरांतील नांव 'कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक क्षेत्र' असें आहे. आसपासचे लोक तिला नुसतें 'फाइव्ह स्टार' म्हणतात, आणि 'मुलगा फाइव्ह स्टारला कामाला आहे' हें वाक्य आतां लग्नाच्या बोलण्यांत वजनदार ठरतें. ज्यांचें आयुष्य रूपावलि आणि समासचक्र शिकविण्यांत गेलें, त्या आमच्यासारख्यांस 'पंचतारांकित' या समासापाशीं क्षणभर थबकावेंसें वाटलें, तर वाचकांनीं हंसूं नये. पांच तारांनीं अंकित म्हणजे उंची उपाहारगृह, एवढाच अर्थ आजवर आमच्या ध्यानांत होता. येथें मात्र रस्ते, पाणी, वीज, सांडपाण्याची व्यवस्था इत्यादि सोयी एकत्र मिळणारें मोठें औद्योगिक क्षेत्र तें पंचतारांकित, अशी परिभाषा आहे. नागपुराजवळील बुटीबोरी हें याच वर्गांतलें.

ताऱ्यांचें कांहींहि असो, मूळची ही जागा म्हणजे माळ. पंचगंगा आणि दूधगंगा या दोन नद्यांच्या मधला हा उंचवटा. खालीं नदीकांठीं ऊस डोलतो, आणि वर मुरुमाच्या जमिनीवर पूर्वीं पावसाळ्यांत गवत आणि उन्हाळ्यांत धूळ, एवढेंच पीक येई. कसबा सांगांव, तळंदगे, पट्टणकोडोली आणि चांदीच्या दागिन्यांचें हुपरी, हीं गांवें या माळाच्या अंगाखांद्यावर वसलेलीं. आज त्याच माळावर सुताच्या आणि कापडाच्या गिरण्या आहेत, लोखंड ओतणाऱ्या फौंड्र्या आहेत, यंत्रांचे सुटे भाग घडविणारे कारखाने आहेत; किर्लोस्करांच्या ऑइल एंजिनांचा कारखानाहि येथेंच आहे. पाळी सुटण्याच्या वेळीं रस्त्यांवर दुचाक्यांचा जो लोंढा लोटतो, तो पाहून आम्हांस एखादी पागा पाणवठ्यावर निघाल्याचा भास झाला.

आमचे एक पुतणे येथील एका कारखान्यांत देखरेखीच्या कामावर आहेत. त्यांच्या आग्रहावरून आम्ही ही वसाहत पाहावयास गेलों होतों. तयार होऊन ओळीनें उभ्या असलेल्या एंजिनांपैकीं एकावरील पत्र्याच्या पाटीकडे बोट करून त्यांनीं आम्हांस विचारलें, "काका, किलोवॅट येऊन इतकीं वर्षें झालीं, तरी शेतकरी अजून 'किती एचपी' असेंच विचारतो. यंत्राची ताकद घोड्यांतच कां मोजायची?"

प्रश्न लहान, पण उत्तर मनोरंजक आहे. जेम्स वॅट या स्कॉटिश कारागिरानें वाफेचें एंजिन सुधारलें, तेव्हां त्याचीं गिऱ्हाइकें म्हणजे खाणींचे आणि दारूच्या भट्ट्यांचे मालक. त्यांच्याकडे रहाट फिरविण्यास घोडे असत. 'तुझें यंत्र किती घोड्यांचें काम करील?' हाच त्यांचा प्रश्न. वॅटनें हिशेब करून ठरविलें कीं, एका मिनिटांत ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणें म्हणजे एका घोड्याची शक्ति. मेट्रिक पद्धतींत सांगावयाचें तर एका सेकंदांत ७५ किलो वजन एक मीटर वर नेणें. या हिशेबानें पांच अश्वशक्तीचें एंजिन, घर्षणाची तूट सोडून दिली तर, २५ मीटर खोल विहिरींतून दर सेकंदास १५ लिटर पाणी वर आणील. प्रत्यक्षांत तूट बरीच असते. पण जें काम पूर्वीं मोटेच्या बैलांस दिवसभर पुरत असे, तें या पाटीवरील लहानशा आंकड्यांत येऊन बसलें आहे. घोडा गेला, त्याचें माप तेवढें राहिलें.

माप राहिलें तें ठिकाणहि विचार करण्याजोगें आहे. कारण ज्या कागलच्या नांवावर ही वसाहत उभी आहे, तें कागल घोडेस्वारांचें गांव. विजापुरकरांच्या काळापासून 'सर्जेराव' हा किताब मिरविणाऱ्या घाटगे घराण्याची ही जहागीर. याच घराण्यांतील जयसिंगराव आबासाहेबांचे चिरंजीव यशवंतराव, १७ मार्च १८८४ रोजीं कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि पुढें राजर्षि शाहू छत्रपति या नांवानें प्रसिद्धीस आले. महाराजांस घोड्याची आणि शिकारीची विलक्षण आवड. ते स्वतः हांकीत तो 'खडखडा' कोल्हापुरांतील जुन्या मंडळींच्या बोलण्यांत आजहि येतो. कोल्हापुरांत संभाजीनगराकडे जातांना 'रेसकोर्स नाका' लागतो. त्या चौकांत आज रिक्षा आणि बसगाड्यांची गर्दी असते. परंतु करवीरकरांस शर्यतीच्या घोड्यांचा नाद होता, याची साक्ष तें नांव देत उभें आहे.

हा नाद मूळ कोणाचा, तो कसा वाढला, आणि आपल्या मराठी संस्थानिकांनीं त्यांत कोणतें यश मिळविलें, हें आपल्या घरांतून फारसें बोललें जात नाहीं. शर्यत म्हटली कीं जुगार, आणि जुगार म्हटला कीं तोंड फिरवावयाचें, ही आपली रीत. रीत वाईट नाहीं. तथापि ज्या गोष्टीवर राजेरजवाड्यांच्या तिजोऱ्या रित्या झाल्या, तिचा इतिहास शहाण्या कुटुंबानें ठाऊक करून घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

इंग्लंडांतील थोर शर्यतींपैकीं पांच शर्यतींस 'क्लासिक' म्हणजे अभिजात हें विशेषण लावतात. त्या तीन वर्षांच्या घोड्यांसाठींच असतात, म्हणून कोणत्याहि घोड्यास आयुष्यांत एकदांच ती संधि मिळते. त्यांतील सर्वांत जुनी सेंट लेजर. ती १७७६ सालीं डॉंकास्टर येथें सुरू झाली. अंतर पावणेदोन मैलांहून किंचित् अधिक. त्यानंतर एप्सम येथें १७७९ सालीं केवळ घोड्यांच्या माद्यांसाठीं 'ओक्स' आणि १७८० सालीं सुप्रसिद्ध 'डर्बी'. डर्बी प्रारंभीं एक मैलाची होती, १७८४ पासून ती दीड मैलाची झाली. पुढें न्यूमार्केट येथें १८०९ सालीं 'टू थाउजंड गिनीज' आणि १८१४ सालीं 'वन थाउजंड गिनीज' या एक मैलाच्या शर्यती निघाल्या. टू थाउजंड गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर या तिन्ही एकाच घोड्यानें एका वर्षांत जिंकल्या, तर त्यास 'तिहेरी मुकुट' मिळाला असें म्हणतात. वेस्ट ऑस्ट्रेलियन नांवाच्या घोड्यानें १८५३ सालीं तो प्रथम मिळविला. १९७० सालीं आयर्लंडांत तयार झालेल्या निजिन्स्कीनें तो मिळविल्यानंतर आजतागायत कोणास साधलेला नाहीं.

या घोड्यांच्या वंशावळीकडे पाहिलें, तर आपल्यांतील कुलाभिमानी गृहस्थहि लाजतील. आपल्याकडे कुलवृत्तांत छापण्याची चाल विसाव्या शतकांत रूढ झाली. इंग्रजांनीं घोड्यांचा कुलवृत्तांत १७९१ सालींच छापावयास घेतला. त्या ग्रंथांत ज्याचें नांव नाहीं, तो घोडा अस्सल नव्हे. आणि गंमत ही कीं, या अस्सल इंग्रजी घोड्याचे मूळपुरुष इंग्रज नाहींतच. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन पौर्वात्य घोड्यांपासून सारी संतति चालली. त्यांपैकीं डार्ली अरेबियन हा १७०४ सालीं सीरियांतील हलब शहराहून इंग्लंडांत गेला. भीमेच्या कांठच्या ज्या भीमथडी तट्टांवर मराठ्यांनीं अटकेपर्यंत मजल मारली, त्यांच्या रक्तांतहि अरबी अंश होता असें जाणते सांगतात. म्हणजे एकाच वाळवंटांतील रक्त इकडे मुलुखगिरीस लागलें आणि तिकडे हिरवळीवर धांवलें.

आयर्लंडचा वांटा निराळा आणि आमच्या मतें अधिक रसाळ आहे. तेथें १७५२ सालीं कॉर्क परगण्यांत दोघां गृहस्थांनीं बटव्हंटच्या चर्चच्या शिखरापासून डोनरेलच्या चर्चच्या शिखरापर्यंत, वाटेंतील कुंपणें, ओढे, भिंती ओलांडीत, सुमारें साडेचार मैलांची पैज लावली. शिखराच्या रोखानें धांवावयाचें, म्हणून या प्रकारास 'स्टीपलचेस' म्हणूं लागले. आपल्या कडील वारकरी जसा कळस दिसला कीं पाऊल उचलतो, तसाच कांहींसा हा प्रकार. हेतु मात्र अगदीं भिन्न! या प्रकारांतील इंग्लंडांतली सर्वांत कठीण शर्यत म्हणजे लिव्हरपूलजवळील एंट्री येथील 'ग्रँड नॅशनल'. रेड रम या घोड्यानें ती १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीनदां जिंकली. तो विक्रम अबाधित आहे. याच शर्यतींत २०२१ सालीं रेचल ब्लॅकमोर ही आयरिश स्त्री मिनेला टाइम्स या घोड्यावर स्वार होऊन पहिली आली. इतक्या वर्षांत ती जिंकणारी ती पहिली स्त्री होय. झांशीच्या राणीचें चरित्र पाठ असलेल्या आमच्या भगिनींस यांत नवल वाटणार नाहीं. इंग्रजांस मात्र वाटलें.

विक्रमांचे आंकडे पुष्कळ आहेत. दोनच सांगून पुढें जातों. डर्बी सर्वांत कमी वेळांत धांवण्याचा मान वर्कफोर्स या घोड्याचा: २०१० सालीं २ मिनिटें ३१.३३ सेकंद, म्हणजे तासास सुमारें ५७ किलोमीटरांचा वेग. आणि सर्वांत मोठ्या अंतरानें डर्बी जिंकली ती १९८१ सालीं शेरगारनें, दहा घोड्यांच्या लांबीनें. त्याची पुढील कथा करुण आहे. फेब्रुवारी १९८३ मध्यें आयर्लंडांतील तबेल्यांतून बंदूकधाऱ्यांनीं त्यास पळवून नेलें, आणि तो पुन्हां कोणाच्या दृष्टीस पडला नाहीं. ज्याच्या पाठीमागें सारें जग धांवत होतें, त्याची माती कोठें झाली हेंहि जगास कळलें नाहीं.

आतां आपल्या माणसांकडे वळूं. मुंबईस महालक्ष्मीचें शर्यतीचें मैदान १८८३ पासूनचें. पुण्यास लष्कर भागांत त्याहून जुनी परंपरा. तेथें पारशी, अरब, इंग्रज यांच्या जोडीस संस्थानिकहि उतरूं लागले. गुजराथेंतील राजपिंपळ्याचे महाराज विजयसिंहजी यांच्या विंडसर लॅडनें तर १९३४ सालीं खुद्द एप्समची डर्बी जिंकली. परंतु आमच्या कथेचा नायक मराठी आहे. बडोद्याचे श्रीमंत प्रतापसिंहराव गायकवाड हे थोरल्या सयाजीरावांचे नातू. आजोबा ६ फेब्रुवारी १९३९ रोजीं वारले आणि नातू गादीवर आले. बडोदें आणि करवीर यांचा संबंध जवळचा. शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज यांस सयाजीरावांचीच नात दिलेली होती. तेव्हां बडोद्याच्या तबेल्याची कीर्ति कागल-कोल्हापुरांत सोयऱ्याची कीर्ति म्हणूनच ऐकली गेली असली पाहिजे.

महालक्ष्मीस १९४३ सालीं 'इंडियन डर्बी' प्रथम धांवली, ती बडोदेकरांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनें जिंकली. स्वार होता एडगर ब्रिट नांवाचा ऑस्ट्रेलियन. महायुद्ध संपतांच महाराजांची नजर विलायतेकडे गेली. डर्बीजेत्या दान्ते नांवाच्या घोड्याचा सख्खा भाऊ १९४५ सालीं लिलावांत निघाला, तेव्हां त्या एक वर्षाच्या शिंगरास महाराजांनीं २८,००० गिनी मोजल्या. इतकी किंमत त्या वयाच्या घोड्यास पूर्वीं कधींच आली नव्हती. आम्ही हिशेबी मास्तर. हिशेब केल्याशिवाय आम्हांस चैन पडत नाहीं. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. म्हणजे २९,४०० पौंड. तेव्हांच्या रुपयास अठरा पेन्स या दरानें तीन लाख ब्याण्णव हजार रुपये. एका शिंगरासाठीं!

त्या शिंगराचें नांव काय ठेविलें? 'सयाजीराव'. आजोबांचें नांव.

घोडा नांवास जागला, असें म्हणावयास हरकत नाहीं. १९४७ च्या इंग्लिश डर्बींत तो तिसरा आला. त्याच उन्हाळ्यांत आयर्लंडांतील करा येथील मैदानावर त्यानें आयरिश डर्बी जिंकली. ही शर्यत १८६६ पासूनची, आयर्लंडचा केवढा मान. आणि सप्टेंबरांत, आपल्या देशास स्वातंत्र्य मिळाल्याच्या पुढच्याच महिन्यांत, डॉंकास्टर येथें सर्वांत जुन्या सेंट लेजरमध्यें तो पहिला आला. पाठीवर तोच एडगर ब्रिट होता. साहेबाच्या देशांत, साहेबाच्या खेळांत, साहेबाच्या मैदानावर हजारों मुखांतून 'सयाजीराव' ही आरोळी उठली असेल, तिची कल्पना करून आमचाहि ऊर क्षणभर भरून आला, हें आम्ही लपवीत नाहीं. पुढील वर्षीं महाराजांच्याच 'माय बाबू' या घोड्यानें टू थाउजंड गिनीज १ मिनिट ३५.८ सेकंदांत जिंकली. तो विक्रम चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकला. सयाजीरावाचा वंशहि चालला. त्याच्या ग्लॅडनेस या कन्येनें १९५८ सालीं अ‍ॅस्कटचा गोल्ड कप मिळविला, आणि इंडियाना या पुत्रानें १९६४ सालीं बापाचीच सेंट लेजर जिंकली. आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यांत महाराजांनीं घेतलेल्या अश्वपैदाशीच्या वाडीस आजहि 'बरोडा स्टड' असेंच म्हणतात.

हें झालें वैभव. आतां दुसरी बाजू. १ मे १९४९ रोजीं बडोदें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. संस्थानच्या तिजोरींतून महाराजांनीं काढलेल्या मोठमोठ्या रकमांवरून सरकारशीं त्यांचा वाद झाला. इतर राजकीय कारणांचीहि भर पडली, आणि १९५१ सालीं राष्ट्रपतींनीं त्यांची संस्थानिक म्हणून असलेली मान्यता काढून घेऊन ती त्यांचे पुत्र फत्तेसिंहराव यांस दिली. पुढील आयुष्य बरेंचसें परदेशांत काढून ते १९६८ सालीं लंडन येथें वारले. ज्या सयाजीरावांनीं नाशिककडील कवळाणें या खेड्यांतून येऊन, गादीवर बसून, १९०६ सालीं सबंध राज्यांत सक्तीचें प्राथमिक शिक्षण सुरू केलें, आणि कोलंबियास शिकावयास जाणाऱ्या भीमराव आंबेडकरांस शिष्यवृत्ति दिली, त्यांचें नांव नातवानें घोड्यास द्यावें आणि घोड्यापायीं तिजोरी सैल सोडावी, हें वाचून पुष्कळांच्या तोंडून 'काय हा नातू!' असे उद्गार निघतील.

परंतु येथेंच निकाल देणें अन्यायाचें होईल. कारण याच नातवानें आजोबांचें नांव आणखी एका गोष्टीस दिलें आहे. संस्थान विलीन होण्याच्या आदल्या दिवशीं, ३० एप्रिल १९४९ रोजीं, बडोद्यास जें विद्यापीठ अस्तित्वांत आलें, तें 'महाराजा सयाजीराव विद्यापीठ'. आजोबांच्या मनांतील तो संकल्प नातवाच्या कारकीर्दींत सिद्धीस गेला. घोडा सयाजीराव आणि विद्यापीठ सयाजीराव, दोन्ही एकाच माणसाच्या हातून, दोन वर्षांच्या अंतरानें झालीं. घोड्याचे विक्रम आज ग्रंथांत आहेत. ते पाहावयास ग्रंथ उघडावा लागतो. विद्यापीठाचें फाटक मात्र दररोज सकाळीं उघडतें, आणि हजारों मुलें आंत जातात. एकाच मनुष्याच्या ठायीं उधळेपणा आणि औदार्य शेजारीं शेजारीं नांदतात; आपणच त्याचा एक भाग पाहून दुसरा विसरतों.

महाभारतांतील नलाची कथा येथें आठवते. नल राजा फाशांच्या नादानें राज्य गमावून बसला. पण अश्वविद्येंत त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. पुढें ऋतुपर्ण राजाचा सारथि असतां त्यानें आपलें अश्वहृदय त्यास देऊं केलें आणि त्याजकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचें गणित, शिकून घेतलें. तेव्हां कुठें त्याच्या अंगांतून कलि निघाला. आमच्या पूर्वजांनीं घोडा आणि फांसा यांचा असा निकटचा संबंध मोठ्या मार्मिकपणें जोडला आहे. उच्चैःश्रव्याच्या शेपटीच्या रंगावर कद्रू आणि विनता यांनीं पैज लावली, शेपटींत काळे सर्प गुंतवून कद्रूनें कपटानें ती जिंकली, आणि विनतेस दास्य पत्करावें लागलें, ही कथाहि घरोघर मुलांना सांगण्यासारखी आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ दैवाचा नव्हे, असा निर्णय दिला. न्यायालयाचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. परंतु तें कौशल्य घोड्याचें, स्वाराचें आणि शिकविणाऱ्याचें. कठड्याबाहेर उभें राहून ज्यानें महिन्याच्या पगाराची चिठ्ठी फाडली, त्याच्या घरांत विनतेचेंच दास्य येतें.

उलट कागलच्या घाटग्यांचा तो मुलगा पाहावा. घोड्याची आवड त्यासहि होती, आणि ती प्रतापसिंहरावांहून कमी होती असें नव्हे. पण खजिन्याचा ओघ त्यानें कोठें वळविला? १९०१ पासून विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें, १९०६ सालीं कापडाची गिरणी, १९१२ सालीं कुस्तीचें खासबाग मैदान, १९१७ सालीं सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण, आणि भोगावतीवर राधानगरीचें धरण, जें महाराजांच्या पश्चात् पुष्कळ वर्षांनीं पुरें झालें आणि ज्याच्या पाण्यावर आज करवीरचा ऊस उभा आहे. आवड राहिली आवडीच्या जागीं, राज्य राहिलें राज्याच्या जागीं. आवड असणें हा दोष नव्हे. तिला कोणत्या तिजोरीची किल्ली द्यावयाची, एवढाच प्रश्न असतो.

हा प्रश्न राजांपुरताच आहे, असें कोणी समजूं नये. वसाहतींतून परततांना एका टपरीवर आम्ही चहास थांबलों. तेथें फेटा बांधलेले एक वयोवृद्ध शेतकरी बसले होते. आमच्या वेषावरून त्यांनीं आमचा पेशा ओळखला, आणि बोलतां बोलतां आपल्या जमिनीची हकीकत सांगितली. माळावरची त्यांची जमीन वसाहतींत गेली, मोबदल्याचे पैसे दोघां मुलांत वांटले गेले.

"गुरुजी," ते म्हणाले, "जमीन सगळ्यांचीच गेली, पैसं सगळ्यांस्नीच आलं. त्ये गेलं कुठं, ह्ये घरोघरचं येगळं. आमच्या थोरल्यानं लेथ घेतली, धाकट्यानं मोठी गाडी. लेथ अजून फिरतीया. गाडी इकून चार वर्सं झाली."

"मग धाकटे आतां काय करतात?" आम्हीं विचारलें.

"थोरल्याच्या लेथवर हाय कामाला," म्हातारबाबा शांतपणें म्हणाले. "भाऊच हाय शेवटी. टाकतोय व्हय?"

या एका वाक्यांत एकत्र कुटुंबाचें सारें मर्म आलें, असें आम्हांस वाटलें. आपल्या समाजांत वाडवडिलांची मिळकत तिसऱ्या पिढीपर्यंत टिकत नाहीं, असें एक निराशेचें बोलणें वारंवार ऐकूं येतें. आमचा अनुभव थोडा निराळा आहे. आजोबा मिळवितात, मुलगा राखतो, आणि नातू उधळतो, हा कांहीं सृष्टीचा नियम नव्हे. पुष्कळ घरांतून एक नातू उधळतो आणि दुसरा सांवरतो. आणि कधीं कधीं, बडोद्याच्या प्रतापसिंहरावांप्रमाणें, उधळणारा आणि उभारणारा एकच असतो. म्हणून घरांतील वडील माणसांनीं मुलाच्या हातांतील घोडा हिसकावून घेण्याची घाई करूं नये. या पंचक्रोशींतील यात्रांतून आजहि बैलगाड्यांच्या आणि घोडागाड्यांच्या शर्यती होतात. बैलगाड्यांच्या शर्यतींस सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं नियमांच्या चौकटींत मान्यता दिली, तेव्हां कागलकडील तरुणांस झालेला आनंद खोटा नव्हता. जनावरावर प्रेम करावें, त्याच्या वेगानें रोमांचित व्हावें, विक्रमांचे आंकडे तोंडपाठ करावे. यांत वाईट कांहीं नाहीं. फक्त घराची किल्ली त्याच्या गळ्यांत बांधूं नये.

शर्यतीच्या विक्रमाचें आयुष्य तें केवढें! माय बाबूचा विक्रम मोडला, विंडसर लॅडचा मोडला, उद्यां वर्कफोर्सचाहि मोडेल. विक्रम हा मोडण्यासाठींच असतो, आणि त्यांतच त्याची मौज आहे. विद्यापीठ, धरण, गिरणी, लेथ, विहिरीवरचें एंजिन, यांची शर्यत कोणाशींच नसते. तीं रोज तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच वेगानें चालत राहतात, आणि त्यांच्यावर पैज कोणी लावीत नाहीं. कागलच्या माळावर हजारों अश्वशक्ति दररोज पेट्यांत बंद होऊन मालगाड्यांवर चढते आणि कोठल्या तरी खेड्यांतील पाणी वर काढावयास निघून जाते. तिला टाळ्या मिळत नाहींत. आमच्या वाचकांपैकीं कोणी त्या बाजूस गेले, तर त्यांनीं जयसिंगरावांचें कागल अवश्य पाहावें, गैबी पिराच्या चौकांतून एक फेरी मारावी, आणि मग या पंचतारांकित वसाहतीच्या रस्त्यांवरून पाळी सुटण्याच्या वेळीं हिंडावें. घरीं परतल्यावर नातवंडांस सयाजीराव नांवाच्या घोड्याची गोष्ट सांगावी. आणि ती संपल्यावर, त्याच नांवाच्या राजाची गोष्टहि सांगितल्याशिवाय त्यांस निजूं देऊं नये. अलमतिविस्तरेण.